पाथर्डीचे करदाते

कर भरणारे मूठभर आणि उरलेला देश त्यांच्या जिवावर जगतो, हे ज्ञान नगरच्या सावेडीत सकाळी फिरायला निघालेली मंडळी फुकट वाटतात. (नगरचे अहिल्यानगर झाले, मंडळी तीच आहेत.) त्यांनी एकदा पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या कोयत्याची, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची, वाणसामानाची पिशवी उघडून पाहावी. साखरेवर 5 टक्के जीएसटी. ऊस यांनीच तोडलेला. चहापत्तीवर 5. अंगाच्या साबणावर 2025 पर्यंत 18 होते. पोराच्या हातातल्या बिस्किटपुड्यावरही 18 होते, आणि हे 2017 पासून तब्बल आठ वर्षे.

आता माडीवर जाऊ. 20 सप्टेंबर 2019 रोजी, जीएसटी परिषदेसाठी पणजीत असताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बड्या कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. नवा कारखाना काढणाऱ्या कंपनीला तर 15. अधिभार-उपकर मिळवून 17.16. म्हणजे पुड्यापेक्षा कमीच! तिजोरीचे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी जातील, हा अंदाज सरकारचाच. पुढे 2023 मध्ये पाच कोटींवर कमावणाऱ्यांचा अधिभार नव्या करप्रणालीत 37 वरून 25 वर आला. त्यांनाही महागाई असतेच की.

अर्थतज्ज्ञ म्हणतील, नफ्यावरचा कर वेगळा, विक्रीवरचा वेगळा. तुलना गैर आहे. अगदी बरोबर. कंपनी तोट्यात गेली की नफ्यावरचा कर लागत नाही. पोराचा बाप मुकादमाची आगाऊ उचल फेडून फेडून तोट्यात गेला, तरी पुड्यावरचा कर सुटत नाही.

बरे, वर सूट दिली की खाली नोकऱ्या येणार होत्या. जानेवारी 2025 चा सरकारी आर्थिक पाहणी अहवाल सांगतो: 2023-24 मध्ये कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला, रोजगार दीड टक्क्याने. त्या दीड टक्क्यात पाथर्डीच्या वाट्याला काय आले, हे दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे निघणारे ट्रॅक्टर मोजले की कळते.

22 सप्टेंबर 2025 ला बिस्किट आणि साबण 5 टक्क्यांवर आले. पंतप्रधानांनी त्याला ‘बचत उत्सव’ म्हटले. झाले ते चांगलेच झाले. आठ वर्षांचा फरक कुणी मागितला नाही. कोयत्याला सीए नसतो. आणि मुकादमाला फोन लावायचा, तर रिचार्जवर 18 टक्के अजून आहेतच.