नोकरदार पाणी, उंडगं पाणी

रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या खोऱ्यात पाण्याच्या दोन जाती आहेत. एक नोकरदार, दुसरी उंडगी.

नोकरदार पाणी मुळशी धरणातून निघतं, सह्याद्रीवरून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं, भिऱ्याच्या वीजघरात चक्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या पात्रात सुटतं. ही नोकरी १९२७ पासूनची. तिच्यापायी मुळशीकरांची शेतं-घरं बुडाली. सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला, तरी धरण झालंच. मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळायचं पाणी तेव्हापासून बदलीवर कोकणात आहे. वर ओव्हरटाइमही आहे. विजेची मागणी कमी असली, की खाली आलेलं थोडं पाणी पंपाने परत घाटावर चढवतात.

उंडगं पाणी प्लस व्हॅलीतून दगडधोंडे तुडवत येतं आणि देवकुंडात उडी टाकतं. त्याला ना हजेरी, ना रजेचा अर्ज. म्हणूनच रविवारी पुण्या-मुंबईची नोकरदार माणसं त्याच्या दर्शनाला जातात.

आम्ही चौघं गेलो: मी, बायको, ताई आणि दाजी. आधी कुंडलिकेचे खळाळ बघायचं ठरलं. भारतातल्या बऱ्याच नद्यांवर राफ्टिंग पावसाच्या मर्जीने चालतं, इथे ते वीजघराच्या मर्जीने चालतं. सकाळी पाणी सोडतात, नदी फुगते आणि फुगवलेले तराफे साधारण १२ किलोमीटर उसळत कोलाडच्या दिशेने जातात. आमच्यासमोर एक तराफा खळाळात शिरला. मागे बसलेला पोरगा ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ ओरडत होता. पुढच्या सहाजणांपैकी दोघं वल्हवत होते, तिघं किंचाळत होते आणि एक गृहस्थ वल्हं मांडीवर आडवं ठेवून डोळे मिटून बसले होते. ‘ऑफिसातही असंच प्रमाण असतं,’ दाजी म्हणाले.

भिऱ्यात वाटाड्या घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या विशीतला, पायात रबरी चप्पल. दाजींच्या पायात घोट्यापर्यंतचे, जलरोधक, हिमालयालाही पुरतील असे बूट. मनगटावर पावलं, ठोके आणि झोप मोजणारं घड्याळ.

‘किती लांब आहे रे?’

‘जवळच हाय काका. पोरं दीड तासात जातात.’

‘आणि आम्ही?’

त्याने दाजींना बुटांपासून टोपीपर्यंत एकदा पाहिलं. ‘निघूया,’ म्हणाला.

सुरुवातीची वाट भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने जाते. सपाट, पण उघडी. २८ मार्च २०१७ रोजी भिऱ्यात ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि गाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. ऑक्टोबरात ते एवढं तापत नाही, नुसता सराव करतं. ताईने छत्री उघडली. जंगल लागल्यावर मिटली आणि पुढे दिवसभर तिचा उपयोग दाजींना ढोसून पुढे काढण्यासाठी झाला.

मग ओढा आडवा आला. वाटाड्या चपलेसकट पलीकडे गेला. दाजी दगडावर बसले. त्यांनी डाव्या बुटाची दुहेरी गाठ सोडली, मोजा काढला, घडी करून बुटात कोंबला. तोच विधी उजव्या पायाचा. नाड्या एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवली आणि बोटांनी दगड चाचपत एकेक पाऊल टाकत ते पैलतीरी लागले. तिथे पाय पुसून, मोजे चढवून, पुन्हा दुहेरी गाठी मारून उठले.

‘जलरोधक आहेत ना?’ बायकोने विचारलं.

‘म्हणून तर पाण्यात घातले नाहीत.’

वाटाड्याने हळूच सांगितलं, ‘काका, फुडं आजून ओढा हाय.’

देवकुंड आधी ऐकू येतं. शेवटचे मोठमोठे धोंडे हातापायांनी चढून गेलो आणि समोर काळ्या कातळावरून पांढरी धार थेट हिरव्यागार डोहात कोसळताना दिसली. तुषारांनी चष्मे धुतले गेले. डोह खोल, पाणी बर्फासारखं, तळाला खडक. इथे माणसं बुडाली आहेत, म्हणूनच पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं. पण शिट्टी वाजवणाऱ्या वाटाड्यांकडे कुणी बघत नव्हतं. लोक धबधब्याकडे पाठ करून मोबाइलकडे बघत होते. दाजी मात्र बूट काढून, पाय पाण्यात सोडून, अर्धा तास एक शब्द न बोलता बसले. ताईच्या मते लग्नानंतर प्रथमच.

परतताना त्यांनी वाटाड्याला विचारलं, ‘मजा आहे रे या पाण्याची. इथून कुठे जातं?’

‘ह्या धरणात. धरणाच्या खाली दुसरं वीजघर हाय ना, सरकारी. तिथं जातं.’

दाजी थबकले. ‘म्हणजे यालाही लावलं कामाला?’

‘मंग काय! तुमचा मोबाइल कशावर चालतो?’

गावात पोचलो तेव्हा वाटाड्याच्या घरी चूल पेटलेली होती. त्याच्या आईने पितळ्यांत पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा वाढला. दाजी भिंतीला टेकून दुसऱ्या भाकरीचा शेवटचा तुकडा मोडतात तोच घड्याळ थरथरलं: बराच वेळ हालचाल दिसत नाही, व्यायाम संपला का?

दाजींनी ठेच्याच्या बोटाने ‘नाही’ दाबलं आणि ताट पुढे केलं.