नारळ उभा राहिला

आमच्या छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासकडं प्लॉटवर बोअर घ्यायचा तर आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, "मालक, इथंच घ्या. दोनशे फुटांवर तीन इंची पाणी!" मग दोन दिवस दगडाची पूड उडते. बिल फुटावर.

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासीत 59 लाख टन लिथियम 'सापडलं', तेव्हा मला तोच नारळ आठवला. मुळात आकडा धातूचा नव्हता, खनिजाचा होता, तोही अनुमानित. शोधाच्या चार पायऱ्यांपैकी खालून दुसरी, जी-3. वाहिन्यांवर मात्र देश त्याच रात्री श्रीमंत झाला. लिलाव पुकारला, पुरेसे बोलीदार आले नाहीत. मार्च 2024 मध्ये रद्द. पुन्हा पुकारला, पुन्हा तीच गत.

आमच्याकडं उलटा प्रकार. जमिनीखाली दख्खनचा काळा पत्थर: कैलास लेणं कोरायला फर्मास, बॅटरीला शून्य. तरी इथल्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत एथरच्या विजेच्या स्कूटरी अन् टोयोटाच्या गाड्यांचे कारखाने जाहीर! लिथियमसाठी सरकारी 'काबिल' कंपनीनं अर्जेंटिनात 15,703 हेक्टर घेतलंय. तिथंही आधी शोधच. तिकडं खारं पाणी उन्हात आटवून लिथियम काढतात म्हणे. पाणी आटवण्यात आमचं शहर कुणाला हार जाणार नाही.

आमचा बोअर साडेतीनशे फुटांवर थांबवला. कोरडा. नारळ पाणाड्या घेऊन गेला.