सोनं करणारे सर

तालुक्याच्या गावी कॉलेज असलं की केमिस्ट्रीचे असे एक सर असतातच. शिंदखेड्यातही आहेत. मोजून पाहिल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. दूधवाल्याचं माप, एसटीची वेळ, औषधावर छापलेला आकडा, सगळंच संशयित!

"गोळीवर पाचशे मिलिग्रॅम लिहेल आहे. लिहायला काय जातं, भो?" हे त्यांचं पालुपद. मग क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टीच्या पट्टी घेऊन सर कॉलेजात. मेडिकलवाला दर वेळी काळजीनं विचारतो, "सर, सर्दी हटली नाही का अजून?"

आयोडीनचं टायट्रेशन करून हे मोजता येतं, बारावीची पोरंसुद्धा करतात. पण तसं सुचवून पाहा, सर तुमच्याकडे मशेरी मागितल्यासारखं बघतील. त्यांना लागतो अंधार. ल्युमिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड नि अल्कली एकत्र आले की निळसर उजेड पडतो. त्यात क जीवनसत्त्व शिरलं की ऑक्सिडीकरणात मोडता घालतं आणि उजेड मंदावतो. किती मंदावला त्यावरून गोळीचा हिशेब. वीज गेली की सारं गाव शिव्या देतं, सर मात्र खूश होतात. मग आठवतं की उजेड मोजणारं यंत्रही विजेवरच चालतं.

उजेडाला जोर यावा म्हणून सर सोन्याचे नॅनोकण घालतात. गोल्ड क्लोराइडचं पाणी उकळून त्यात सायट्रेट टाकायचं, की द्रावण लालभडक. शिपायानं ही बातमी गल्लीत नेली. जळगावच्या सराफ्याचे भाव तोंडपाठ असलेल्या आज्या दारात हजर. "सर सोनं करतस म्हणे! तोळाभर कितलाले पडी?" सरांनी लाल पाण्याची बाटली दाखवली. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातल्या पंधरा-वीस भागांएवढा एकेक कण, हेही समजावलं. आज्यांनी बाटली उजेडाला धरून पाहिली आणि सरांच्या बायकोकडे फार दयेनं बघितलं.

सरांचं खरं दुःख वेगळंच आहे. हंगेरीतल्या सेगेदच्या सेंट-ग्यॉर्गींनी तिथल्या मिरचीतून क जीवनसत्त्व काढलं, 1937 चं नोबेल मिळवलं. "आणि आपल्याच तालुक्यात दोंडाईचा! एवढा मिरचीचा बाजार! आपण काय केलं? उन्हात वाळत घातली!" उन्हानं मिरचीतलं सी बरंचसं जातं, हे त्यांना वैयक्तिक अपमानासारखं लागतं. घरी ठेच्यासाठी तव्यावर मिरची पडली की तेच. "भाजली तिथंच गेलं सी!"

"मग कच्चीच खा," बाई भाकरी थापता थापता म्हणतात. सर मुकाट्यानं ठेचा वाढून घेतात. दोनदा.

माणूस लाखाचा. शिंदखेड्याला गेलात तर जरूर भेटा, चहाही आग्रहानं पाजतील. फक्त खिशातली गोळी दाखवू नका. परत मिळत नाही.