दिवे घाटातला ताप

दाजी हे नातं धोक्याचं. मेव्हण्याच्या धंद्यात दाजींना भागीदारी नसते, पगार नसतो, पण मत असतं. माझा मेव्हणा मंडप-डेकोरेशनवाला. हडपसरच्या पुढे फुरसुंगीला त्याचं गोडाउन आणि दारात टाटा ४०७. तिथं मला नावानं कोणीच हाक मारत नाही. ड्रायव्हर बापूंपासून पाइप उचलणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांचा मी दाजीच.

ऐन लग्नसराईत त्या ४०७ चा एक पिस्टन दिवे घाटात वितळला. चढाला गाडी पळत नाही म्हणून त्याआधी इंजिनाच्या पंपाचं डिझेल वाढवून घेतलं होतं. तो सल्ला कोणाचा, याची चर्चा घरात अजूनही निघते. तेव्हा मी उठून पाणी प्यायला जातो.

मिस्त्रींनी इंजिन उघडून पिस्टन माझ्या हातात दिला. माथ्याची एक कड उंदरानं कुरतडल्यासारखी गेली होती आणि खाली बाजूला राखाडी थेंब ओघळून गोठले होते. मी बोट फिरवलं. थेंब गुळगुळीत होते, अगदी देखणे. मेव्हण्याला मात्र त्यात इंजिनकामाचं बिल दिसत होतं.

पुण्यात डिझेल इंजिनाबद्दल विचारायला लांब जावं लागत नाही. खडकीला किर्लोस्कर, कोथरूडला कमिन्स, पिंपरीला टाटा, आकुर्डीला फोर्स, शिवाय वेताळ टेकडीवर एआरएआय. त्यामुळे दर सोसायटीत एक तरी निवृत्त गृहस्थ असतातच, ज्यांना हा विषय काढणाऱ्याचीच वाट असते. आमच्याकडे ते पहिल्या मजल्यावर राहतात. काकांनी चहा सांगितला आणि शिकवणी सुरू केली.

पेट्रोल इंजिनात मिश्रण पातळ झालं की ताप वाढतो, डिझेलचं नेमकं उलटं. हवा असते तेवढीच. त्यात डिझेल जास्त ओतलं की ताप वाढतो, आणि न जळलेलं काळ्या धुरावाटे बाहेर पडतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू तर त्याच्याही आधी नरम पडतो. आणि भरल्या गाडीनं घाट चढताना, धुरानं फिरणाऱ्या टर्बोच्या तोंडाशी धूर ७०० अंशांपर्यंत जाऊ शकतो.

“मग रोजच सगळे पिस्टन का वितळत नाहीत?” मी विचारलं.

“कारण सिलिंडरमधली आग क्षणभराची असते. पुढच्या क्षणी ताजी हवा आत येते. भोवती पाणी खेळत असतं, वंगण उष्णता ओढून नेतं. हा हिशेब बिघडला की संपलं. पाण्याचा काटा तुम्हाला हे वेळेवर सांगणार नाही. धुराचा ताप मोजला तरच कळेल. पण तुमचा पंप पुन्हा होता तसा केलाय ना? मग मोजायची गरज नाही.”

यातलं “मोजला तरच कळेल” एवढंच मी घरी घेऊन आलो.

दुसऱ्याच दिवशी विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. के टाइप थर्मोकपल मागितलं. ही दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, टोकाशी वितळवून एक केलेली. टोक तापलं की दुसऱ्या बाजूला अंशामागे व्होल्टचे ४१ दशलक्षांश एवढी वीज मिळते. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाला हे १८२१ मध्येच सापडलं होतं. मला ते आदल्या रात्री सापडलं होतं. दुकानदारापुढे मी ते संपूर्ण मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“भट्टी कसली? बेकरी का?”

“ट्रक.”

“ट्रक भाजणार?”

आकडे दाखवणारा डबा, त्याला जोडलेला बझर आणि हातभर लांब तार घेऊन मी विजयी मुद्रेनं परतलो. डबा २३० व्होल्टवर चालतो आणि ४०७ मध्ये १२ व्होल्टची बॅटरी असते, हे फुरसुंगीला पोचल्यावर बापूंनी दाखवलं. बापू सातवीपर्यंत शिकलेत. बदलून आणलेल्या डब्याला दुकानदारांनी वेगळे पैसे लावले. माझ्या भाषणाचे असावेत.

आता भोक. सेन्सर बसवायचा टर्बोच्या अलीकडे, धुराच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये. टर्बोच्या पुढे बसवला तर आकडा शे-दोनशे अंशांनी कमी दिसतो. पण अलीकडे भोक पाडलं की बिडाचा कीस आत पडणार, आणि टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. मिस्त्री म्हणाले, “मॅनिफोल्ड उतरवतो, बाहेर भोक पाडतो, साफ करतो, परत बसवतो. अर्धा दिवस.” मी म्हटलं, नवीन गॅस्केटचा खर्च कशाला? इंजिन चालू ठेवून ड्रिल मारायचं, म्हणजे धुराचा दाबच कीस बाहेर फेकतो. ही रीत खरोखरच आहे. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, ड्रिल मशीन माझ्या हातात दिलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

रीत बरोबर निघाली. कीस बाहेर आला, त्यामागून गरम वाफारा आणि त्यामागून काजळी. मी नेमका भोकात डोकावत होतो. मेव्हण्याच्या दारात तोंड काळं करून घेण्याची ही माझी पहिलीच वेळ नव्हती, पण एवढं शब्दशः कधी झालं नव्हतं. पोरं हसली नाहीत. ती बांबूंच्या मागे जाऊन हसली.

मग आटे. सेन्सरचा नट अमेरिकन मापाचा, एक सुती, इंचाला २७ आटे. मिस्त्रींचा टॅप आपल्याकडच्या नेहमीच्या नळमापाचा, तोही एक सुती, पण इंचाला २८. पहिले दोन फेरे लोण्यासारखे गेले. तिसऱ्याला नट अडला. “जाईल, जाईल,” असं म्हणून मी पान्याला पाइप लावून जोर दिला. नट गेला खरा, पण आटे सोबत घेऊन. शेवटी मॅनिफोल्ड उतरवावंच लागलं, गॅस्केट नवीन आलंच, शिवाय भोक मोठं करून बुश बसवायचा खर्च वर. मिस्त्री या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. बिल मात्र त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं.

तारा दोन होत्या, पिवळी आणि लाल. लाल म्हणजे प्लस. इंजिन चालू केलं. मे महिना, फुरसुंगीत चाळीस अंश ऊन, आणि डबा म्हणतोय उणे ८०. बापूंना म्हटलं, जरा रेस करा. उणे दीडशे. “दाजी,” बापू म्हणाले, “हिच्यात आता मासळी भरायची का?” काकांना फोन लावला. या जातीच्या अमेरिकन तारांत लाल वायर मायनस असते, हे सांगताना त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो त्यांच्या नातवाच्या बारशालाही नव्हता. तारा अदलाबदल केल्यावर आकडा सरळ झाला.

सासवडला एका घरी हळदीचा मंडप होता. पाइप, पडदे, खुर्च्या, गाद्या भरून गाडी निघाली. शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन मी. वडकीपर्यंत आकडा ४०० च्या आत. मस्तानी तलाव मागे पडला, चढ लागला, आकडा ५५०, ६००. बझर मी ६५० ला लावला होता. त्याच्या थोडं अलीकडे बापूंनी गिअर खाली टाकला, इंजिनाचे फेरे वाढले, हवा वाढली, आकडा मुकाट उतरला. बापू आरशात धूर बघत होते आणि कान इंजिनाकडे होता. बझर वाजायची संधीच ते देत नव्हते, याचा मला मनातून रागच आला.

एका वळणावर समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर आला आणि बझर वाजला. “थांबा!” मी ओरडलो. बापू थांबले. “बंद करू?” “छे! तापलेला टर्बो लगेच बंद केला तर आतलं तेल करपतं. आकडा दोनशेवर येईपर्यंत चालू राहू द्या.” हेही खरंच होतं. ज्या घाटात आषाढी वारीला माउलींच्या पालखीमागे लाखो वारकरी न थांबता चढतात, तिथं आम्ही भर चढाला, अर्ध्या रस्त्यात, आकडा उतरायची वाट पाहत उभे होतो. मागे एसटी, तिच्या मागे दुधाचा टँकर, त्याच्या मागे हॉर्नची रांग. मग भरली गाडी चढावर उभी राहून उठवायची म्हणजे हाफ क्लच. पुढच्या वळणावर पुन्हा बझर, पुन्हा थांबा, पुन्हा हाफ क्लच. केबिनमध्ये जळका वास येऊ लागला. मी डबा पाहिला. ताप उत्तम होता.

“क्लच प्लेट गेली दाजी,” बापू म्हणाले. “त्याचं मीटर आणलंय का?”

टेम्पो मागवून माल उतरवेपर्यंत दुपार टळली. सासवडला हळद लिंबाच्या झाडाखाली लागली. नवरीच्या मामांनी मेव्हण्याला फोनवर जे ऐकवलं, ते त्यानं मला जसंच्या तसं ऐकवलं, फक्त अहोजाहो घालून.

गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा बुशमध्ये बोल्ट होता. सेन्सर आणि डबा आमच्या केटररच्या आचाऱ्यानं मागून नेला. जिलबीचं तेल तो आता आकड्यावर तापवतो आणि माझं नाव आदरानं घेतो. मेव्हण्याच्या धंद्यात मला मान तेवढाच.

एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळायची जाळी असते आणि तिच्या आसपास तापाचे सेन्सर कारखान्यातूनच बसून येतात. मेव्हण्यानं मागच्या दसऱ्याला तशी गाडी घेतली. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि बापू नव्या इंजिनाचं झाकण उघडायला पुढे झाले. मीही चष्मा पुसून पुढे सरकलो.

“दाजी,” मेव्हणा घाईनं म्हणाला, “पेढे राहिले बघा. हडपसरातनंच आणा, इथले नकोत.”