गुडघा न हलवणाऱ्यांची थोरवी

अमरावतीत राहून व्यायाम न करणं ही सोपी गोष्ट नाही. या गावात १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी काढलेल्या या मंडळाचं पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि हिटलरच्या राजधानीत कबड्डी खेळून दाखवून आलं. पुढे १९४९ साली स्टॉकहोमला लिंगियाड नावाचा व्यायामाचा जागतिक मेळावा भरला, तिथंही मंडळाची माणसं पोचली. मल्लखांब, लेझीम, योगासनं, कुस्ती यांनी एकशे दहाहून जास्त वर्षं या गावाला घेरून ठेवलंय. एवढा वेढा पडलेला असताना पन्नाशी-साठीतली हजारो माणसं दिवाणावर पाय लांब करून, गुडघ्याखाली उशी घेऊन, तसूभर न हलता बसून असतात. पाण्याचा तांब्या, टीव्हीचा रिमोट, पेपर हे सगळं हातात आणून देणारी माणसं त्यांनी तयार केलीत. मंडळाच्या मैदानावर पोरं दोरावर उलटी लटकत असतात, आणि त्याच गावात 'खुर्चीवरून रोज दहा वेळा उठून-बसून पाहा' एवढं सांगितलं म्हणून माणूस डॉक्टर बदलतो. मंडळाच्या पथकांचे सत्कार झाले. या माणसांचा अजून कोणी केलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचं शास्त्र सुटसुटीत आहे. दोन हाडांच्या मधात गादी असते. चालून चालून ती घासते. जास्त चालाल तर जास्त घासेल, मग गॅप येतो, वंगण आटतं, टोंगळा कटकट वाजतो. तेव्हा चालायचं नाही. राजापेठेतल्या कुठल्याही टपरीवर चहा थंड व्हायच्या आत हे समजावून दिलं जातं. आक्षेप घेणारा कोणी निघालाच तर तो बहुधा फिजिओथेरपिस्ट असतो, म्हणजे दुसऱ्याच्या हालचालीवर ज्याचं पोट चालतं असा माणूस. त्याचं काय ऐकायचं?

तरी न्यायाला धरून त्याची बाजू सांगितली पाहिजे. तो म्हणतो, सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि पायावर भार पडला-उतरला तरच तो द्रव तिच्यात आत-बाहेर खेळतो. म्हणजे माणूस चालला तर कूर्चा जेवते. दिवाणावरच्या गुडघ्याला अखंड एकादशी. आता एकादशीबद्दल तक्रार करणारा माणूस वऱ्हाडात कसा निघावा? पुढे तो सांगतो, की मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा मोठा आधार. तो बसून बसून वाळतो, मग पावलाचा धक्का सांध्याला जास्त बसतो, मग जास्त दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो. त्याला यात दुष्टचक्र दिसतं. आम्हाला सातत्य दिसतं.

या मार्गाची दीक्षा एक्स-रेनं होते. 'नाइस' या इंग्लंडच्या संस्थेनं २०२२ साली लिहून ठेवलंय, की पंचेचाळिशी गाठलेल्या माणसाचा सांधा हालचालीनं दुखत असेल, आणि सकाळचा आखडलेपणा नसेल किंवा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होत असेल, तर सांध्याची झीज ओळखायला सहसा फोटोची गरज नाही. अशी माणसं इंग्लंडात राहतात ते बरंच आहे. आपल्याकडे फोटो काढला नाही तर डॉक्टरनं पाहिलं काय? फिल्म खिडकीच्या उजेडात धरून 'ग्रेड फोर आहे' म्हटलं की जावयाच्या घरीसुद्धा खुर्ची आधी मिळते. फोटोत भरपूर झीज असून मजेत फिरणारी माणसं असतात आणि फोटो बरा असून विव्हळणारीही असतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण फिल्मवर विश्वास ठेवला की पायावर ठेवावा लागत नाही.

नंतर औषधं. एसटी स्टँडबाहेर मिळणाऱ्या तेलाचा मोठा गुण हा, की चोळणारा दुसरा असतो, दुखणाऱ्यानं नुसतं पडून राहायचं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी महिनोन्‌महिने घेतली तर ती दुखणं गुडघ्यातून काढून पोटात आणि मूत्रपिंडात नेऊन ठेवू शकते. गुडघ्यावरचा बोजा तेवढाच कमी. पण या सगळ्यांची राणी म्हणजे पुडी. कुण्या गावच्या बुवाची, जडीबुटीची, तिसऱ्या दिवशी माणूस नाचायला लावणारी. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, आणि स्टेरॉइड बरेच दिवस पोटात जात राहिलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळू शकतो. एका पुडीत दोन सांधे. इतकं स्वस्त दुसरं काय मिळतं?

खुब्याचं नाव निघालंच आहे तर त्याचाही मान राखू. आपल्याकडे झिजण्यात गुडघा पुढे असतो, खुबा मागून येतो, आणि येतो तोही दुसऱ्याच्या नावानं. त्याचं दुखणं जांघेत उठतं, कधी मांडीतून उतरून गुडघ्यातच बोलतं. त्यामुळे खुबा झिजलेला असताना वर्षभर गुडघ्याला तेल चोळायचं भाग्य काहींना लाभतं. मांडी घालता येईना, चपलेचा पट्टा लावायला पाय जवळ येईना, या तक्रारी 'वय झालं' या खात्यात जमा होतात. त्या खात्याचा हिशेब कोणी मागत नाही.

परदेशात काय चाललंय तेही वाचकाला माहीत असावं, म्हणजे सावध राहता येईल. १९४९ ला आपली पोरं ज्या लिंगियाडला गेली तो मेळावा पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामपंडिताच्या नावाचा. आजच्या फिजिओथेरपीचं एक मूळ त्याच्या व्यायामशाळेत आहे. त्याच स्वीडननं २००८ साली झिजलेल्या गुडघ्या-खुब्यांसाठी शिकवणी आणि व्यायाम असा देशभराचा कार्यक्रम सुरू केला. २०१३ साली शेजारच्या डेन्मार्कनं 'ग्लॅड' काढला. दोन वर्ग नुसते समजावून सांगण्याचे, मग आठवड्याला दोन याप्रमाणे सहा आठवडे व्यायामाचे बारा वर्ग. व्यायाम तरी काय, तर खुर्चीवरून उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, उताणं पडून कंबर उचलणं, रबरी पट्टा पायानं ओढणं, आणि हे करताना गुडघा आत न वळता पावलाच्या रेषेत राहतोय का ते बघणं. ना लेसर, ना इंजेक्शन, ना कोणता लाल दिवा. ज्या गावानं बर्लिन पाहिलं त्यानं खुर्चीवरून उठण्याला व्यायाम म्हणायचं?

त्याहून वाईट ती समजावून सांगण्याची बाजू. तिथं रुग्णाला शिकवतात, की दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही. शून्य ते दहाच्या पट्टीवर पाचपर्यंत दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं की झालं, नाही झालं तर व्यायाम थोडा कमी करा, पण सोडू नका. केवढी ही बेपर्वाई. आपल्याकडे पहिल्या दिवसाच्या व्यायामानंतर मांडी ठणकली, की सासूबाईंपासून शेजारच्या भाऊंपर्यंत सगळे जमतात. "म्हटलं होतं ना बाप्पा, काहून गेल्ते तिकडे?" एवढ्यावर निकाल लागतो. डेन्मार्कचा बारा वर्गांचा अभ्यासक्रम आपण एका वर्गात पुरा करतो.

व्यायामावर विश्वास न बसण्याचं एक कारण मला पटतं. त्याच्यावर किंमत छापलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. लगाम घातल्यावर ५४,७२०. मांडीच्या स्नायूची कमाल किंमत सरकारला ठरवावीशीही वाटली नाही, यातच काय ते आलं. आणि चिरफाडीची किमया मोठी. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी गुडघे झिजलेल्या १८० जणांवर एक प्रयोग केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरोखर सफाई केली, काहींना वरच्यावर चिरा देऊन टाके घातले, आणि कोणाला काय झालं हे रुग्णांना कळू दिलं नाही. दोन वर्षं पाहिलं, तर सफाईवाले काही चिरावाल्यांपेक्षा बरे नव्हते. टीकाकार म्हणतात, म्हणजे सफाई निरुपयोगी. आमच्या मते नुसत्या चिरेलाही गुण असतो, आणि उठाबशा काढून चीर पडत नाही.

वजनाबद्दलही अमेरिकेतलाच एक हिशेब सांगतात. जाड माणसानं एक किलो उतरवलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हिशेब बरोबर आहे, पण त्यातलं 'प्रत्येक पावलाला' कोणी नीट वाचलेलं दिसत नाही. पाऊलच टाकलं नाही तर शेगावची कचोरी काय आणि अमरावतीचा गिला वडा काय, गुडघ्यावर भार शून्य.

एक विसंगती मात्र मान्य करावी लागते. घरातला जिना चढवत नाही म्हणून जिची खोली खाली आणली, ती मावशी अकोल्याहून शेगावला पायी जाऊन येते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडींत असेच 'टोंगळे कामातून गेलेले' लोक खांदा देताना दिसतात. गजानन महाराजांच्या पालखीबरोबर तर माणसं थेट पंढरपूर गाठतात. विचारलं तर सांगतात, महाराज चालवतात. त्यावर फिजिओथेरपिस्ट म्हणेल, की चार माणसांची सोबत होती, थांबत थांबत गेलात, आणि दुखेल ही भीती कोणी घातली नाही, तेवढंच मला रोज अर्धा तास द्या. इथंच त्याची गफलत होते. वर्षभर दिवाण, मग एका दमात शेगाव, मग पुन्हा दिवाण, हे परंपरेत बसतं. रोजचा अर्धा तास कुठल्याच पोथीत नाही.

हे व्रत सगळ्यांना झेपत नाही, हेही खरं. वऱ्हाडातल्या कापसाच्या रानात कमरेला ओटी बांधून बाई दिवसभर वाकून वेचणी करते, मजुरी किलोवर, आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन मोजायला नेते. तिचे गुडघे दुखतात तेव्हा तिलाही चिठ्ठीवर तोच मजकूर मिळतो. खाली बसू नका, ओझं उचलू नका, जिना टाळा, आराम करा. तिच्या घराला जिना नाही, म्हणजे चौथाई सल्ला तिनं डॉक्टरकडे येण्याआधीच पाळलेला असतो. उरलेल्याला ती "बरं" म्हणते. एका गाठोड्याच्या दोन खेपा कर, तासातासानं कंबर सरळ कर, घरी खाटेवर बसून पाय सरळ ताणून धर, असं काही तिला सांगता आलं असतं. पण दिवसभर राबते त्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असं तिलाही वाटतं आणि टेबलापलीकडच्यालाही. राबण्यानं सांधा शिणतो आणि व्यायामानं तो सांभाळणारा स्नायू घडतो, हे समजवायला दहा मिनिटं लागतात. ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते. गोळी लिहायला दहा सेकंद पुरतात, आणि तिचीही मजुरी बुडत नाही. सगळ्यांची सोय कशात आहे हे उघड आहे.

व्रताची सांगता वाट्या बदलण्यानं होते. ज्याचा सांधा खरोखरच संपला, व्यायाम करून पाहिला आणि रात्रीची झोपही गेली, त्याला या ऑपरेशननं पुन्हा चालतं केलं अशी उदाहरणं घरोघर आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. आमची सहानुभूती व्रतस्थाला. पंधरा वर्षं ज्यानं मांडीला ताण म्हणून दिला नाही, तो भूल उतरून डोळे उघडतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओची मुलगी पलंगापाशी उभी. "काका, मांडी आवळा. पाय सरळ उचला. आता वॉकर धरा, उठा." म्हणजे एवढा खर्च करून पुन्हा तोच खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम! ही फसवणूक आहे असं वाटणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेक जण त्या मुलीच्या दरडावणीपुढे शरण जातात.

अकोल्याच्या जठारपेठेत असे एक काकाजी आहेत, जे शरण गेले नाहीत. फिजिओची मुलगी घरी यायची ती त्यांनी आठवड्यात बंद केली. नवा गुडघा जेमतेम अर्धा वाकतो, म्हणून पाय स्टुलावर सरळ ठेवून ते ओसरीत बसतात, आणि मांडीवरची कातडी सैल पडत चालली आहे. भेटायला आलेल्या पुतण्यानं विचारलं, "काकाजी, आता तं टोंगळा नवीन बसवला न, मंग चालत काहून नाही?"

काकाजी त्याच्याकडे जरा दयेनं पाहत म्हणाले, "एवढे पैसे घातले बाप्पा. हा बी घासून टाकू काय?"