जरा हलवून बघा

पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीत, मोटरसायकल रुसली की पहिला सल्ला मिळतो तो "किल्ली जरा हलवून बघा" हा. सल्ला देणाऱ्याच्या गळ्यात बहुधा कंपनीचं ओळखपत्र असतं, आणि सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा बँकेच्या संगणकातला दोष मुळापासून खणून काढण्याचा तो पगार घेत असतो. ऑफिसात मूळ कारण सापडल्याखेरीज तो बैठक उठू देत नाही. पार्किंगमध्ये मात्र तोच गृहस्थ किल्ली किंचित दाबतो, थोडी डावीकडे ओढतो, मनातल्या मनात ग्रामदैवत म्हातोबाचं नाव घेतो आणि फिरवतो. दिवा लागला की दोष गेला! माझं म्हणणं एवढंच, की इग्निशन स्विच ही घरी उघडून पाहण्याजोगी वस्तू आहे, आणि ज्या गावात दोष शोधण्यावर हजारो चुली पेटतात त्या गावाने तरी ती उघडायला हरकत नसावी.

पुण्याला गाडीची मनधरणी करण्याची परंपरा आहे, हे मान्य. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि पुढे कित्येक वर्षं वाड्यांच्या दारांत सकाळी सकाळी स्कूटर तिरकी करण्याचे विधी चालले. पण पेट्रोल कार्बुरेटरकडे उतरावं, असा त्या तिरकेपणाला निदान काही हेतू होता. किल्ली हलवण्यामागेही कारण आहेच, फक्त हलवणाऱ्याला ते ठाऊक नसतं. किल्ली जिथे फिरते त्या लॉकच्या बुडाशी प्लास्टिकची एक छोटी बैठक असते. तिच्यात स्प्रिंगवर टेकलेली पट्टी फिरते आणि तारांची टोकं एकमेकांना जोडते. बारा व्होल्टचा सगळा संसार त्या नखाएवढ्या जागेवर चालतो. आतलं ग्रीस वाळतं, धूळ बसते, दर जोड-तोडीला उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांनी काळा थर चढतो. गॅरेजवाले म्हणतात, 'कार्बन धरलाय'. हलवल्यावर पट्टी नशिबाने स्वच्छ जागी टेकते, एवढाच चमत्कार. उद्या ती टेकेलच याची हमी म्हातोबाही देणार नाही.

त्यात हिंजवडीचं हवापाणी असं, की स्विचच्या शत्रूने बसून आखलं असावं. वाकडच्या पुलापासून आयटी पार्कच्या तिसऱ्या फेजपर्यंत वाहतूक सरकते कमी आणि थांबते जास्त. शिवाजी चौकात काटकसरी माणूस इंजिन बंद करतो, पुढचा टेम्पो हातभर हलला की चालू करतो. इतर गावांतला स्विच आठवडाभरात जेवढा फिरत नसेल तेवढा इथला एका संध्याकाळी फिरतो. दोन मोटारींच्या फटीतून वाट काढताना हँडल सारखं डावं-उजवं होतं आणि त्याबरोबर स्विचच्या तारा एकाच जागी मुडपतात. वरचं आवरण शाबूत राहतं, आतलं तांबं तुटतं. डिसेंबर २०१८मध्ये पायाभरणी झालेल्या मेट्रोच्या बांधकामाने वर्षानुवर्षं धूळ पुरवली, आणि मुळशीकडून येणारा पाऊस त्या धुळीचा चिखल करतो. उरलेली कसर आपण भरून काढतो. एकाच जुडग्यात फ्लॅटची, कपाटाची, ऑफिसच्या ड्रॉवरची किल्ली आणि वर पितळी गणपती लटकवून ते सगळं वजन लॉकला टांगतो. दसऱ्याला पूजेआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने स्विचला अभ्यंगस्नान घालतो आणि मग त्यावर झेंडूचा हार चढवतो.

इतकी कारणं समोर दिसत असताना निदान अवघड राहत नाही. हँडल वळवताना दिवे जात असतील तर संशय तारेवर. किल्ली हलवताना जात असतील तर आतल्या पट्टीवर. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, हेडलाइटच्या मागचा कपलर सोडवायचा आणि किल्ली चालू करून मल्टिमीटर लावायचा. ज्या दोन तारा जुळायला हव्यात त्या जुळल्या की तो टूं करतो, नाहीतर गप्प बसतो. बैठक उघडता येण्यासारखी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपरचा हलका हात आणि इलेक्ट्रिकचं ग्रीस, तेही बोटभर नव्हे. खोबरेल तेल केसांसाठी आहे. स्विचमध्ये ते धुळीला कायमचं घर मिळवून देतं.

यावर हिंजवडीचा लाडका आक्षेप असा : "माझ्या एका तासाची किंमत बघता हे परवडत नाही." हा हिशेब करणारा माणूस भूमकर चौकात उभा राहून रोज जे तास देतो त्यांचं बिल कुणाला लावतो, हे कधी कळलेलं नाही. दुसरा आक्षेप जास्त सभ्य आहे : मेकॅनिकच्या पोटावर पाय कशाला? पण स्विच साफ करण्यात मेकॅनिकचा अर्धा तास जातो आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाइकाचा हात धजत नाही, म्हणून तो बिचारा सरळ नवा बसवतो. गिऱ्हाईक "तार हँडलच्या गळ्याशी तुटलीय" असं सांगत आलं तर मेकॅनिकचं भलंच होईल. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. वॉरंटीतल्या किंवा बिनकिल्लीच्या नव्या गाड्यांना घरी हात लावू नये, हे खरंच. केंद्र सरकारने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. पण हक्क मिळाला तरी सीलबंद डबी उघडत नाही. तिथे सर्व्हिस सेंटरच्या रांगेत बसावं आणि फुकटचा चहा प्यावा.

साफ करूनही काम झालं नाही तर? तर स्विच बदलायचाच, पण कारण माहीत असलेल्या माणसाने. फक्त दुकानदार विचारतो, "नुसता स्विच देऊ का पूर्ण लॉकसेट?" तेव्हा स्वस्ताला भुलू नये. नुसता स्विच घेतला की गाडी एका किल्लीने सुरू होते आणि पेट्रोलची टाकी दुसरीने उघडते. मग पंपावर मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत असताना चुकीची किल्ली टाकीत घालून अडून बसायचं, आणि रांगेतून कुणीतरी मायेने सल्ला देतंच : "जरा हलवून बघा की!"