आधी क्षमा, मग बाप्तिस्मा

ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथांचा साचा ठरून गेला आहे. दोघांपैकी एकाची देवावरची श्रद्धा उडालेली, दुसऱ्याची अढळ. मध्ये दुष्काळ, आजारपण नाहीतर बर्फाचे वादळ. मग गुडघे टेकून प्रार्थना, डोळ्यांत पाणी, पापांची क्षमा आणि शेवटी संसार मार्गाला लागतो. कॅनडाच्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ 1979 ची. फ्रॅन्सिन रिव्हर्स यांनी ‘रिडीमिंग लव्ह’मध्ये होशेय संदेष्ट्याची गोष्ट कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या धुंदीच्या काळात नेऊन बसवली. ही पुस्तके मनापासून लिहिलेली आहेत, वाचणाऱ्यांना त्यांनी धीर दिला आहे. माझी तक्रार एकच आहे. त्यांत क्षमा नेहमी श्रद्धेच्या मागून चालते. दोघांचा देव एक झाला की मगच मने जुळतात, आणि तेवढ्याने सगळे सोपे होऊन जाते.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. बेळगावच्या बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान मोठा आणि विधवांच्या हालांबद्दलचा त्यातला संताप खरा. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा हे लिहायला धैर्य लागत होते. पण नायिका यमुनेचा नवरा तिच्याच मताचा आहे. तो मरतो, ती ख्रिस्ती होते, ख्रिस्ती माणसाशी तिचे पुन्हा लग्न होते. नवरा जिवंत आहे, जिवाचा आहे, आणि त्याचा देव वेगळा आहे, हा अवघड प्रसंग पदमनजींनी यमुनेवर येऊच दिला नाही.

तो आला लक्ष्मीबाई टिळकांवर. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, सोवळ्याओवळ्याचा अतिरेक असलेल्या घरात वाढलेल्या. लहान मुलाला पोटाशी धरून त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यातला बराच काळ पंढरपुरात. चार वर्षांहून अधिक ही ताटातूट चालली.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहा. 1866 च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती माणसाला वाट मोकळी ठेवली होती. धर्म बदलला म्हणून जोडीदार सहा महिने नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन आधीचे लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. मराठीत याहून मोठी प्रेमकथा मला ठाऊक नाही. गोष्ट सांगताना मात्र लोक सरळ बाप्तिस्म्यावरून पुनर्भेटीवर उडी मारतात. सहा महिन्यांची मुदत उलटून गेल्यावर टिळकांच्या मनात काय चालले असेल, आणि परत जावे की जाऊ नये या विचाराने लक्ष्मीबाईंच्या किती रात्री गेल्या असतील, हेच तर कादंबरीचे खरे रान आहे.

त्यातही लक्ष्मीबाईंची क्षमा मला अधिक मोठी वाटते. त्या नवऱ्याकडे परत गेल्या त्या हिंदू म्हणूनच. नगरला त्यांनी आपले सोवळे सांभाळले, चूल वेगळी ठेवली. ख्रिस्ती नवऱ्याचे त्या सगळे ऐकत होत्या असेही नाही. चिडत होत्या, भांडत होत्या. जातपात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतः, आपल्या गतीने केला आणि मग सोवळे सुटले. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. म्हणजे आधी क्षमा, नंतर श्रद्धा. साच्याच्या नेमके उलटे. ज्या कारणाने घर मोडले ते कारण जसेच्या तसे समोर उभे असताना माणसाला पुन्हा जवळ करणे, याला मी क्षमा म्हणते. कारण नाहीसे झाल्यावर कोणीही जवळ येईल.

आणि हे सगळे साताऱ्यात येऊन पोहोचते, याची साताऱ्याला फारशी आठवण नाही. 1917 मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. दरबार कोणाचा? ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही शिष्यांचा. ज्या बाप्तिस्म्याने बावीस वर्षांपूर्वी स्वतःचे घर दुभंगले, त्याची भिंत टिळकांनी आपल्या मंडळीत उभी राहू दिली नाही. पंढरपूरची ती वर्षे या निर्णयात आहेत असे मी मानते. दोन वर्षांत, 9 मे 1919 ला, टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र अपुरे राहिले होते. त्यांचे दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या प्रभूने नवरा हिरावून नेला असे त्यांना एकेकाळी वाटले, त्याचेच चरित्र त्यांनी ओवीत पुरे केले!

सातारा-सांगलीच्या मातीने मराठी ऐतिहासिक कादंबरीला किती दिले! गडकोट, गाद्या, फितुरी, पेशवाईतले पतिपत्नीप्रेम, सगळे रंगवून झाले. ख्रिस्ती माणूस मात्र त्या कादंबऱ्यांत बहुधा टोपीवाला किंवा फिरंगी म्हणूनच येतो, तोफ विकायला नाहीतर तह करायला. मराठी बोलणारा, अभंग म्हणणारा, कीर्तन करणारा ख्रिस्ती त्यांत मला भेटत नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे हॉस्पिटल 1894 पासून उभे आहे. दूरदूरच्या गावांतून तिथे माणसे आली, जगली, मेली, प्रेमात पडली असतील. वाईला मिशनचा दवाखाना होता. एवढे साहित्य दारात पडलेले असताना आमचा लेखक पुन्हा गडाचीच वाट धरतो, याचा मला राग येतो.

राग ख्रिस्ती मंडळींवरही आहे. उपासनेत टिळकांची भजने आळवायची, लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ साक्ष म्हणून वाचायचे आणि त्यातली भांडणे, हट्ट, पैशांची ओढाताण वगळायची, ही सवय वाईट. बाकीचे मराठी वाचक त्याच पुस्तकाचा विनोद उचलतात आणि श्रद्धेचा भाग घाईने उलटतात. विजया मेहतांनी 1982 मध्ये त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या. हे मोठे काम झाले. पण ते आत्मचरित्राच्या आधाराने झाले, आणि लक्ष्मीबाईंनी सगळेच काही लिहून ठेवलेले नाही. जे त्यांनी सांगितले नाही तिथे कादंबरीकाराचे काम सुरू होते.

तेव्हा जो कोणी सातारचा, वाईचा, मिरजेचा तरुण लेखक पुढच्या कादंबरीसाठी बखरी चाळत असेल, त्याने आधी ‘स्मृतिचित्रे’ सलग वाचावे, गाळू नये. सुरुवात साताऱ्यातल्या दरबारापासून करावी आणि मागे पंढरपूरकडे जावे. लक्ष्मीबाईंना सोशिक करू नये, टिळकांना संत करू नये. आणि लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवू नये. तो पुस्तकाच्या मध्यावर येऊन जाऊ द्यावा, कारण त्यानंतरही या दोघांना एकोणीस वर्षे एकत्र संसार करायचा होता.